गिरगावच्या पोटात हवा कोण ढकलतं, आणि तिचं बिल किती येतं?

मागच्या महिन्यात माझा मामेभाऊ मुंबईत आला होता. तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका भूमिगत कोळसा खाणीत इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. लालबागच्या घरी जेवण झाल्यावर मी त्याला मोठ्या कौतुकाने मेट्रो ३ दाखवायला नेलं. सिद्धिविनायकला चढलो, गिरगावला उतरलो. चकाचक स्टेशन, गार हवा, काचेचे दरवाजे. मला वाटलं, दादा आता सेल्फी काढणार.

दादा फलाटावर उभा राहिला, छताकडे बघितलं, टोकाला असलेल्या जाळ्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "सारं बरं हाय, पण रिटर्न कुटी हाय?"

खाणीच्या भाषेत रिटर्न म्हणजे वापरलेली, गरम, घाण झालेली हवा बाहेर जायचा रस्ता. मी म्हटलं, "दादा, ही खाण नाहीये, मेट्रो आहे."

"जमिनीखाली माणूस गेला की खाणच होते ना बे," तो म्हणाला.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. दिवसभर सर्व्हरचा लोड बघतो. पण ज्या स्टेशनातून मी रोज जातो, तिथली हवा येते कुठून, जाते कुठे आणि तिला ढकलायला वीज किती लागते, हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. त्या दिवसापासून मी त्याच्या मागे लागलो. जे हाती लागलं ते इथे सोप्या भाषेत मांडतोय. कारण मुंबई झपाट्याने जमिनीखाली चालली आहे, आणि एकदा बोगदा खणला की त्यातले पंखे पुढची पन्नास वर्षं आपल्या खर्चाने फिरत राहणार आहेत.

आधी खाण समजून घेऊ: हवा एवढी लागते कशाला?

आपण शांत बसलेलो असताना मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत-बाहेर करतो. आता भारताचा कोळसा खाणींसाठीचा नियम बघा. २०१७च्या कोल माइन्स रेग्युलेशन्सनुसार खाणीच्या प्रत्येक विभागात, सर्वांत मोठ्या पाळीतल्या दर माणसामागे मिनिटाला किमान ६ घनमीटर हवा पोहोचली पाहिजे. म्हणजे ६,००० लिटर. श्वासाला लागते त्याच्या जवळपास हजारपट.

मग बाकीची हवा कशासाठी? ती श्वासासाठी नसतेच. कोळशातून मिथेन सुटतो, तो पातळ करायला हवा लागते. धूळ वाहून न्यायला हवा लागते. यंत्रांची आणि खडकाची उष्णता बाहेर काढायला हवा लागते. त्याच नियमात दुसरी अट आहे: रोजच्या दर टन कोळशामागे मिनिटाला २.५ घनमीटर हवा. या दोन्हींपैकी जो आकडा मोठा, तो पाळायचा.

इथे एक छोटा हिशेब करू. मिनिटाला २.५ घनमीटर म्हणजे दिवसाला ३,६०० घनमीटर. एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो. म्हणजे एक टन कोळसा काढायला नियमाप्रमाणे किमान सव्वाचार टन हवा खाणीतून फिरवावी लागते! खाण कोळशाची म्हणतो आपण, पण वजनाने बघितलं तर ती हवेची वाहतूक जास्त करते.

आणि हा कारखाना थांबत नाही. रविवार असो, दिवाळी असो, मुख्य पंखा चालूच. दादा म्हणतो, "पंखा बंद म्हणजे माणसं वर." पंखा थांबला की आतल्या लोकांना बाहेर काढावं लागतं. म्हणूनच जगभरातल्या भूमिगत खाणींत विजेच्या बिलातला सर्वांत मोठा किंवा मोठ्यांपैकी एक वाटा व्हेंटिलेशनचा असतो. आपल्याकडे नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स कोळशाच्या आणि मॉइल मँगनीजच्या भूमिगत खाणी चालवते. या सगळ्यांना हे गणित रोज सोडवावं लागतं.

घनाचा नियम: तुमच्या फोनमध्येही हाच आहे

आता मुख्य मुद्दा. लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: पंख्याचा वेग थोडा कमी केला, तर वीज खूप कमी होते.

पंख्याचे तीन साधे नियम आहेत. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते. पण त्यासाठी दाब चौपट लागतो. आणि वीज? आठपट! म्हणजे वीज वेगाच्या घनाप्रमाणे वाढते.

हेच उलट्या दिशेने बघा. १०० किलोवॅटचा पंखा आहे असं समजू.

- पूर्ण वेगाने: १०० किलोवॅट
- ८० टक्के वेगाने: साधारण ५१ किलोवॅट
- निम्म्या वेगाने: साधारण १२.५ किलोवॅट

हवा २० टक्के कमी झाली, पण वीज जवळपास निम्मी वाचली. हा पंखा २४ तास पूर्ण वेगाने फिरला तर दिवसाला २,४०० युनिट खातो. रात्रीचे ८ तास निम्म्या वेगाने चालवला तर १,७०० युनिट. नुसतं रात्री हळू फिरवून सुमारे २९ टक्के बचत! प्रत्यक्षात ड्राइव्हमध्ये थोडी वीज वाया जाते आणि प्रत्येक जागी गणित इतकं स्वच्छ बसत नाही, पण अंदाज यायला हे पुरेसं आहे.

तुमच्या फोनचा प्रोसेसर हेच करतो. चिपची वीज फ्रिक्वेन्सी गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात लागते, आणि फ्रिक्वेन्सी वाढवायची तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. म्हणजे तिथेही गणित घनाच्या आसपास जातं. म्हणून तर गेम खेळताना बॅटरी भराभर उतरते, आणि व्हॉट्सअॅप वाचताना प्रोसेसर डुलक्या घेतो. विचार करा, फोनचा प्रोसेसर २४ तास फुल स्पीडवर ठेवला असता तर? दुपारपर्यंत चार्जर शोधत फिरलो असतो. जुन्या पद्धतीचे कितीतरी मोठे पंखे मात्र असेच चालतात. सगळ्यात वाईट दिवस धरून आकार ठरवायचा, आणि मग रोजचा दिवस त्या वाईट दिवसासारखाच चालवायचा.

हवा जास्त झाली तर काय करतात? डॅम्पर लावतात, म्हणजे वाटेत झडप. पंखा पूर्ण ताकदीने फिरतोय आणि पुढे झडप अर्धी बंद. एक पाय अॅक्सिलरेटरवर, दुसरा ब्रेकवर, अशी गाडी चालवण्यासारखं झालं हे.

खाणींनी काय केलं?

दादाशी बोलताना आणि नंतर वाचताना लक्षात आलं की बचतीचे उपाय पायरीपायरीने येतात. आणि पहिल्या पायऱ्या अजिबात हायटेक नाहीत.

१. गळती बंद करा. मुख्य पंख्याने ओढलेली हवा कामाच्या ठिकाणी पोहोचण्याआधीच जुन्या भिंतींतून, फटींतून, उघड्या राहिलेल्या दारांतून परस्पर रिटर्नमध्ये जाते. निम्म्याच्या आसपास हवा वाटेतच गळणं खाणींत दुर्मीळ नाही. दादाच्या शब्दांत, "पंखा मोठा आणायच्या आधी दार लाव ना." सिमेंट आणि शिस्त, एवढंच लागतं.

२. वाट रुंद करा. डक्टमधून तेवढीच हवा न्यायची तर लागणारा दाब व्यासाच्या पाचव्या घाताने घटतो. व्यास २० टक्के वाढवला तर लागणारा दाब साधारण ४० टक्क्यांवर येतो. फाटलेला, मुरडलेला डक्ट बदलणं हीसुद्धा वीजबचतच.

३. वेग बदलता येईल असा पंखा. मोटरला व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी लावायचा. झडप अडवण्याऐवजी पंखाच हळू करायचा. वर पाहिलेला घनाचा नियम इथे कामी येतो.

४. मागणीप्रमाणे हवा. इंग्रजीत याला 'व्हेंटिलेशन ऑन डिमांड' म्हणतात. कोणत्या भागात किती माणसं आहेत, कोणतं वाहन फिरतंय, वायू किती आहे, हे टॅग आणि सेन्सर सांगतात. त्याप्रमाणे त्या भागाचा पंखा वर-खाली होतो. कॅनडा आणि स्वीडनमधल्या धातूच्या खाणींत हे चालू आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ऑटोस्केलिंग म्हणतो. ट्रॅफिक वाढला की सर्व्हर वाढवा, कमी झाला की बंद करा.

५. हवेची गरजच कमी करा. कॅनडात ऑन्टारिओ प्रांताचा नियम असा, की खाणीत डिझेल यंत्र चालवायचं तर त्याच्या दर किलोवॅटमागे सेकंदाला ०.०६ घनमीटर हवा द्या. २०० किलोवॅटच्या एका लोडरला सेकंदाला १२ घनमीटर, म्हणजे मिनिटाला ७२० घनमीटर. आपल्या ६ घनमीटरच्या नियमाने बघितलं तर एक डिझेल लोडर १२० माणसांची हवा खातो! म्हणून त्याच ऑन्टारिओतल्या बोर्डन सोन्याच्या खाणीने सुरुवातीपासूनच बॅटरीवरची यंत्रं वापरायचं ठरवलं. २०१९मध्ये तिथे व्यावसायिक उत्पादन सुरू झालं. धूरच नाही, तर धूर घालवायला पंखा कशाला?

आता चला मुंबईच्या पोटात

कफ परेड ते आरे, ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यातली २६ जमिनीखाली. मेट्रो ३ तीन टप्प्यांत उघडली: ऑक्टोबर २०२४, मे २०२५ आणि ऑक्टोबर २०२५. शेवटच्या टप्प्यात ग्रँट रोड, गिरगाव, काळबादेवी ही दाट वस्तीखालची स्टेशनं आली. ही तिन्ही स्टेशनं तर खाणीच्याच तंत्राने खणली आहेत. एनएटीएम नावाची पद्धत, ज्यात वरचा रस्ता पूर्ण न उघडता आतून थोडं थोडं खणत आणि आधार देत पुढे जातात. दादा म्हणाला ते अगदीच चूक नव्हतं.

भूमिगत मेट्रोत हवेची दोन वेगळी कामं असतात.

पहिलं काम रोजचं. फलाट आणि तिकीटघराचा मजला गार ठेवायचा, ताजी हवा आणायची. दुसरं काम आणीबाणीचं. बोगद्यात आग लागली किंवा गाडी अडकली, तर मोठे पंखे धूर एका बाजूला ढकलतात आणि प्रवाशांना दुसऱ्या बाजूने बाहेर काढतात. धूर उलटा फिरून लोकांच्या अंगावर येऊ नये म्हणून बोगद्यात हवेचा ठरावीक किमान वेग राखावा लागतो. हे पंखे दोन्ही दिशांनी फिरू शकतात आणि अडीचशे अंशांच्या आसपासच्या गरम धुरातही ठरावीक वेळ टिकतील असे बनवतात. ते रोज फुल स्पीडवर चालायची गरज नसते, पण हाक मारली की काही क्षणांत उठले पाहिजेत.

रोजच्या कामात मेट्रोला एक फुकटचा मदतनीस आहे: स्वतः गाडी. सिरिंजमधला दट्ट्या जसा हवा ढकलतो, तशी धावती गाडी बोगद्यातली हवा पुढे ढकलते आणि मागे ओढते. रस्त्याच्या कडेला काँक्रीटचे जाळीदार ठोकळे दिसतात ना, त्यातले काही या हवेला आत-बाहेर करायला असतात. दादाच्या 'रिटर्न कुटी हाय' या प्रश्नाचं उत्तर मला तिथे, वर रस्त्यावर सापडलं.

आणि फलाटावरचे ते काचेचे दरवाजे फक्त कोणी रुळावर पडू नये म्हणून नाहीत. ते बोगद्यातली गरम हवा स्टेशनात येऊ देत नाहीत आणि स्टेशनातली गार हवा बोगद्यात जाऊ देत नाहीत. खाणीतल्या दाराचंच हे सुधारलेलं रूप. गळती बंद, वीज वाचली.

हे किती महत्त्वाचं आहे ते लंडनला विचारा. तिथल्या खोल ट्यूब मार्गांचे बोगदे शंभरेक वर्षांपूर्वी खणले तेव्हा भोवतालची चिकणमाती १४ अंशांच्या आसपास होती. गाड्यांच्या ब्रेकची आणि मोटरची उष्णता मातीत मुरत गेली आणि आता तीच माती १९ ते २६ अंशांवर पोहोचली आहे. बोगदे इतके अरुंद, की एसी लावला तरी त्यातून निघणारी उष्णता टाकायची कुठे, हाच प्रश्न. हवेचा विचार आज नीट केला नाही, तर शंभर वर्षांनी नातवंडांना घाम येतो, असा त्याचा अर्थ.

मुंबईचा प्रश्न आणखी वेगळा आहे. आपला खरा शत्रू ऊन नाही, दमटपणा आहे. बाहेर ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता आहे, आत २५ अंश आणि ६० टक्के हवी आहे असं धरा. मी हिशेब करून बघितला. ती हवा गार करायला लागणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण तीन-चतुर्थांश ऊर्जा तापमान उतरवण्यात जात नाही, हवेतलं पाणी काढण्यात जाते. म्हणजे गरजेपेक्षा जास्त घेतलेली बाहेरची हवा इथे दुप्पट महाग पडते: एकदा पंख्याला, एकदा एसीला. म्हणून माणसं किती आहेत ते कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरवरून ओळखून तेवढीच ताजी हवा घेणं, हा उपाय मुंबईत इतर शहरांपेक्षा जास्त फायद्याचा. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरगाव स्टेशनाने छाती भरून श्वास घ्यायलाच हवा. फेब्रुवारीतल्या मंगळवारी दुपारी तीन वाजता तेवढ्याच जोरात कशाला?

चौपाटीजवळचा दुसरा बोगदा

गिरगावकरांच्या शेजारी आणखी एक बोगदा आहे. कोस्टल रोडचा, मलबार हिलखालून जाणारा, प्रियदर्शनी पार्क ते मरीन ड्राइव्हची बाजू, दोन किलोमीटरहून थोडा जास्त. २०२४मध्ये तो दोन टप्प्यांत उघडला. त्यात सॅकार्डो नावाची हवेची पद्धत आहे, भारतातल्या रस्त्याच्या बोगद्यात पहिल्यांदाच. मूळ कल्पना १९व्या शतकाच्या अखेरीची, इटलीतल्या आगगाडीच्या बोगद्यांसाठी मार्को सॅकार्डो या इंजिनिअरची. आगगाडी वाफेची, बोगदा धुराने भरायचा. त्याने बोगद्याच्या तोंडाशी पंखे बसवले आणि तिरक्या फटीतून हवेचा जोरदार झोत आत सोडला. तो झोत पुढची हवा ओढत नेतो.

फायदा असा की छताला ठिकठिकाणी पंखे टांगावे लागत नाहीत. पंखे तोंडाशी असल्याने दुरुस्ती सोपी. तोटा असा की झोताची ऊर्जा हवेत मिसळताना बरीच वाया जाते. पण इथेही गाड्या दट्ट्याचं काम करतात. एकेरी वाहतूक सुरळीत वाहत असेल तर गाड्याच धूर पुढे ढकलत नेतात. पंख्यांची खरी गरज बोगद्यात ट्रॅफिक तुंबतो तेव्हा, आणि आगीच्या वेळी. म्हणजे पुन्हा तोच मुद्दा: रोजच्या गरजेप्रमाणे चालवा, वाईट दिवसासाठी तयार ठेवा.

उद्या गाड्या इलेक्ट्रिक झाल्या की रोजची गरज आणखी घटेल. बोर्डनच्या खाणीत झालं तेच. पण आगीची गरज घटणार नाही. म्हणून 'आता धूर कमी, पंखे छोटे घ्या' असं म्हणणारा माणूस भेटला तर सावध व्हा. पंखे मोठेच हवेत, त्यांना हळू फिरता आलं पाहिजे.

मग सेन्सर लावले की झालं?

इथे माझ्यातला सॉफ्टवेअर इंजिनिअर जरा घाबरतो. कारण मला माहीत आहे की ऑटोस्केलिंग कधी कधी चुकीच्या वेळी सर्व्हर बंद करतं. तिथे वेबसाइट पडते. इथे माणूस पडेल.

मी दादाला ऑटोमॅटिक पंख्याची कल्पना रंगवून सांगितली. त्याने एकच प्रश्न विचारला, "सेन्सर खोटं बोलला तर?"

खाणीतला सेन्सर धुळीने माखतो, ओलाव्याने भरकटतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत वेगळं काय होणार? म्हणून अशा सॉफ्टवेअरचे काही नियम पक्के हवेत. एक, ठरलेल्या किमान हवेच्या खाली प्रोग्रामने कधीच जायचं नाही. दोन, सेन्सर गप्प झाला, नेटवर्क तुटलं किंवा दोन सेन्सरचं पटलं नाही, तर पंखा वर जायला हवा, खाली नाही. तीन, आगीची यंत्रणा वेगळी आणि बचतीच्या प्रोग्रामच्या डोक्यावर बसलेली. चार, माणसाच्या हातात साधं बटण. खाणीचे नियम इथेही शिकवतात. त्याच २०१७च्या नियमांत म्हटलंय की कामाच्या जागी ऑक्सिजन १९ टक्क्यांच्या खाली नको, कार्बन डायऑक्साइड ०.५ टक्क्यांच्या वर नको, आणि ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचं तापमान ३३.५ अंशांच्या वर नको. आधी माणसाची मर्यादा ठरते, मग बचत सुरू होते.

हा क्रम उलटा झाला तर काय होतं, ते आमच्या परळ-लालबागने बघितलं आहे. माझे आजोबा गिरणीत विणकाम खात्यात होते. ते सांगायचे, आत हवा दमट ठेवायचे, खिडक्या बंद. उन्हाळ्यात अंगातला सदरा पिळून काढावा लागायचा. का? कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. 'एअर कंडिशनिंग' हा शब्दच मुळी १९०६मध्ये स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकन इंजिनिअरने कापड गिरण्यांसाठी वापरला होता, तोही सुताच्या सोयीसाठी. हवा मोजली जात होती, सांभाळली जात होती, फक्त माणसासाठी नाही, धाग्यासाठी. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा फुप्फुसांचा आजार गिरणगावाला माहीत होता. म्हणून मला नुसतं 'कार्यक्षमता' म्हटलं की पुरत नाही. कोणासाठी कार्यक्षम, हेही विचारावं लागतं.

मेट्रोत हाच प्रश्न रात्री उभा राहतो. शेवटची गाडी गेली, प्रवासी गेले, पंखे हळू झाले, वीज वाचली. उत्तम. पण तेव्हाच बोगद्यात रूळ तपासणारे, सफाई करणारे, वायर दुरुस्त करणारे लोक उतरतात. तिकिटांच्या आकड्यात ते नाहीत. हवा जर फक्त प्रवासी मोजून ठरली, तर ते सिस्टीमला दिसणारच नाहीत. खाणीत आत गेलेल्या प्रत्येक माणसाची नोंद होते आणि हवेच्या हिशेबात तो धरला जातो. मुंबईच्या प्रत्येक बोगद्यात तेच व्हायला हवं.

आपण काय मागायचं?

ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह बोगद्याचं काम सुरू आहे. ठाणे–बोरिवली आणि गोरेगाव–मुलुंडचे बोगदेही रांगेत आहेत. यांतले पंखे निवडतानाच पुढच्या कित्येक दशकांचं बिल ठरतं. पंखा विकत घ्यायला लागतात त्याच्या कित्येक पट पैसे त्याला आयुष्यभर फिरवायला लागतात. आणि ते पैसे शेवटी तिकिटातून, टोलमधून किंवा करातून आपणच देतो.

मला वाटतं, नागरिक म्हणून तीन साध्या गोष्टी मागाव्यात.

पहिली, दर भूमिगत स्टेशनाची व्हेंटिलेशन आणि एसीची वीज वेगळी मोजा आणि दर महिन्याला जाहीर करा. दर प्रवाशामागे किती युनिट, एवढं एक सोपं माप पुरे. जे मोजलं जात नाही ते कमी होत नाही.

दुसरी, फलाटावरचं तापमान, आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड अॅपमध्ये दाखवा. गाडी किती मिनिटांत येणार हे दाखवता, तर हवा कशी आहे हेही दाखवता येईल. बचत माणसाच्या जिवावर चालली नाही ना, हे तेव्हाच कळेल.

तिसरी, नव्या बोगद्यांच्या टेंडरमध्ये पंख्याची किंमत नको, पंख्याचा आयुष्यभराचा खर्च बघा. वेग बदलता येणं ही अट ठेवा.

आणि घरी?

दादा परत जायच्या आदल्या दिवशी आमच्या खोलीतल्या जुन्या पंख्याखाली पडला होता. भिंतीवर तो जुना, मोठा डब्यासारखा रेग्युलेटर. त्याने हात लावून बघितला. गरम होता. "हा पण डॅम्परच हाय," तो हसून म्हणाला. खरंच आहे. जुन्या रेग्युलेटरमध्ये पंखा हळू होतो, पण वाचलेली बरीचशी वीज आतल्या तारेत उष्णता होऊन जाते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये तसं होत नाही. आणि साधा छताचा पंखा पूर्ण वेगाने ७०-८० वॅट खातो, तिथे बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास.

पुढच्या वेळी गिरगाव, काळबादेवी किंवा दादरला उतरलात की फोनमधून मिनिटभर डोकं वर काढा. छताच्या जाळीजवळ हात धरा, हवा येते की जाते ते बघा. आणि वर रस्त्यावर आलात की तो काँक्रीटचा ठोकळा शोधा. मी आता रोज बघतो. दादाला फोटोही पाठवला. त्याचा रिप्लाय आला: "हा बरा हाय रिटर्न. रात्री आत किती माणसं असतात ते विचार."